अ‍ॅट्रॉसिटीची केस शेवटपर्यंत नेली, त्यातून शिक्षेबद्दल जे कळलं ते

बऱ्याच जणांनी विचारलं की अ‍ॅट्रॉसिटीची, म्हणजे अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालची केस नेमकी चालते कशी, कुठं अडकते, आणि शेवटी शिक्षा झाली तर समाधान वाटतं का. फोनवर प्रत्येकाला सांगून होत नाही म्हणून एकदाच लिहून काढतोय. गाव, तालुका, नावं टाकत नाही, कारण अपील चालू आहे आणि ज्यांना शिक्षा झाली त्यांची लेकरं आमच्या वस्तीतल्या लेकरांच्याच शाळेत जातात.

आमचं गाव मराठवाड्यात. मी चाकणला कंपनीत, लहान भाऊ गावाकडंच टेम्पोवर ड्रायव्हर. २०१९ च्या जयंतीला मी सुट्टी टाकून गेलो होतो. १४ एप्रिलची मिरवणूक बंदोबस्तात नीट पार पडली, कुठं काही वाजलं नाही. जे झालं ते दुसऱ्या दिवशी संध्याकाळी. भाऊ ग्रामपंचायतीसमोरच्या पारावर बसला होता, पायावर पाय टाकून, मोबाईल बघत. एवढंच. जाणाऱ्या पोरांतल्या एकाने पाय खाली घ्यायला सांगितलं, भावाने का म्हणून विचारलं, आणि तिथून जातीवरून शिव्या सुरू झाल्या. मी समोरच्या टपरीवर होतो, पळत पोचेपर्यंत लोखंडी पाईप त्याच्या डोक्यात बसला होता. पाच जण होते, मलाही पाठीवर बसले. पण माझ्या डोक्यात जे कायमचं राहिलं ते वेगळंच आहे. मारून झाल्यावर त्यांच्यातला एक जण आमच्याकडं बघत सुद्धा नव्हता, वस्तीच्या दिशेला तोंड करून मोठ्यानं ओरडत होता, "कालचं नाचणं काल संपलं, आता आपल्या पायरीनं राहायचं."

हे वाक्य मी मुद्दाम इथं लिहितोय कारण पुढं सगळी केस याच वाक्याभोवती फिरली असं मला वाटतं. बांधावरून, पाण्यावरून, दारू पिऊन भांडणं गावात रोज होतात, त्यात मार खाणारा एकटा मार खातो. इथं मार भावाने खाल्ला पण निरोप अख्ख्या वस्तीला होता. त्या रात्री आमच्या गल्लीत कोणी अंगणात झोपलं नाही, एप्रिलच्या उकाड्यात सगळी दारं आतून बंद. माझे वडील एकच गोष्ट बोलत राहिले, ७८ ची. जुलै १९७८ मध्ये विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळात झाला आणि मराठवाड्यातल्या कितीतरी गावांत आमच्या वस्त्या जाळल्या गेल्या, तेव्हा ते लहान होते, आजीने त्यांना घेऊन रात्र रानात पिकात काढली होती. त्यावर आमच्या घरातून कधी तक्रार झाली नाही. कोणाकडं करायची हाच प्रश्न होता असं ते म्हणाले.

ग्रामीण रुग्णालयात टाके पडले, एमएलसी, म्हणजे पोलीस केससाठीची वैद्यकीय नोंद झाली, एक्स-रेमध्ये हाड मोडलेलं नव्हतं. याला नंतर फार महत्त्व आलं, कारण जखम साधी की गंभीर यावर कलम ठरतं, आणि कलमावर सगळं पुढचं. मी तिथून थेट पोलीस स्टेशनला गेलो. ठाणे अंमलदार चांगल्या शब्दात बोलत होता, पाणी दिलं, बस म्हणाला, पण लिहायला तयार नव्हता. आधी म्हणाला एनसी, म्हणजे नुसती अदखलपात्र नोंद घेऊ. मग म्हणाला ३२४, म्हणजे हत्याराने दुखापतीचं कलम घेतो, अ‍ॅट्रॉसिटी कशाला, गावात राहायचं ना तुम्हाला. मग म्हणाला सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे, आधी चौकशी करावी लागते, मगच गुन्हा.

हा निकाल मला माहीत होता, आमच्यातल्या बहुतेकांना माहीत आहे. २० मार्च २०१८ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं होतं की या कायद्याखाली लगेच अटक नको, आधी प्राथमिक चौकशी करता येईल, वरिष्ठांची परवानगी घ्या. तारीख बघा, २० मार्च, महाडच्या चवदार तळ्याचा दिवस. त्याविरोधात २ एप्रिलला भारत बंद झाला, आणि ऑगस्ट २०१८ मध्ये संसदेने कलम १८-अ घातलं, चौकशीची गरज नाही, परवानगीची गरज नाही. म्हणजे आम्ही ठाण्यात बसलो होतो तेव्हा तो निकाल कायद्यानं बाजूला पडून महिने उलटले होते, पण टेबलावर तो अजून जिवंत होता. ओळखीच्या एका वकिलांना फोन लावून दिला, त्यांनी अंमलदाराला शांतपणे कलम ४ ची आठवण करून दिली. त्यात लिहिलंय की पोलिसाने फिर्याद घेतली नाही, वाचून न दाखवता सही घेतली, प्रत दिली नाही तर तो त्याचा स्वतःचा गुन्हा आहे, किमान सहा महिने शिक्षा. गुन्हा पहाटे दाखल झाला. वाचून दाखवा म्हणालो, त्याने वाचलं. त्यात "जातीवाचक शिवीगाळ केली" एवढंच होतं, मी म्हणालो नेमका शब्द लिहा आणि ते पायरीचं वाक्य पण लिहा. तो कंटाळला होता पण लिहिलं.

दुसऱ्या दिवसापासून दोन गोष्टी एकाच वेळी सुरू झाल्या. एकीकडं डीवायएसपी (पोलीस उपअधीक्षक) साहेबांचा तपास, कारण या कायद्यात तपास त्याच्या खालच्या अधिकाऱ्याला करता येत नाही. पंचनामा, कपडे जप्त, पाईप जप्त, मॅजिस्ट्रेटसमोर १६४ चे जबाब. आमचे जातीचे दाखले तर लागतातच, पण आरोपी आमच्या जातीचे नाहीत हे दाखवायला त्यांचेही कागद लागतात, आणि ते मिळवण्यातच बरेच दिवस गेले. दुसरीकडं आमच्यावर उलटी केस, दरोड्याची. पारावर मार खाल्लेल्या माणसाने गळ्यातली चैन ओढून नेली म्हणे. पुढं ती खोटी निघाली, पोलिसांनीच बी समरी, म्हणजे तक्रार खोटी असल्याचा अहवाल टाकला, पण तोवर मला कंपनीत रजा मागताना एचआरला सांगावं लागत होतं की माझ्यावर दरोड्याचा गुन्हा आहे.

आणि गिरणी बंद झाली. म्हणजे गिरणी चालू होती, आमचं दळण बंद झालं. कोणी नाही म्हणालं नाही, फक्त डबा ठेवला की संध्याकाळपर्यंत तसाच. किराणावाल्यानं उधारी एकदम मागितली. रानातली कामं आमच्या बायकांना सांगणं थांबलं. आई शेजारच्या गावाहून दळून आणायची, डोक्यावर. असा बहिष्कार हा सुद्धा या कायद्यात वेगळा गुन्हा आहे, पण ज्याने काही बोललंच नाही त्याच्यावर काय लिहून देणार? यालाच शिक्षा म्हणतात, कोर्टाच्या आधीची, आणि ती तक्रार करणाऱ्याला होते.

मधल्या काळात तडजोडीला माणसं यायची. एक तात्या होते, वयस्कर, वडिलांसोबत लहानपणी गुरं राखलेले. पडवीत बसून म्हणाले, "पोरं चुकली, रागाच्या भरात झालं, दवाखान्याचा खर्च देतील, आता कशाला वाढवायलास?" वडील गप्प. मी विचारलं, तात्या, ते पारावर येऊन, सगळ्यांसमोर, जसं ओरडून सांगितलं तसंच ओरडून माफी मागतील का? मला खरंच उत्तर हवं होतं. मागितली असती तर मी विचार केला असता, कायद्यात तडजोड बसते का ते नंतर बघितलं असतं. तात्या म्हणाले, तसं कसं, त्यांची इज्जत जाईल. म्हणजे पैसे द्यायला तयार, पण आम्हाला उद्देशून चारचौघांत एक वाक्य बोलायला तयार नाहीत. तेव्हाच माझ्या डोक्यात पक्कं झालं की भांडण जखमेचं नाहीच, त्या वाक्याचं आहे.

या कायद्यात अटकपूर्व जामीन नाही, कलम १८. त्यामुळं पाचही जण आत गेले, काही आठवडे राहिले. नियमित जामिनाच्या वेळी आम्हाला नोटीस आली, २०१६ पासून लागू झालेल्या दुरुस्तीत कलम १५-अ आहे, जामिनापासून निकालापर्यंत पीडिताला कळवायचं आणि त्याचं ऐकायचं. मी उभा राहिलो. जामीन द्या किंवा देऊ नका ते कोर्टाने ठरवावं, पण अट घाला की केस संपेपर्यंत वस्तीत पाय ठेवणार नाहीत, साक्षीदारांना भेटणार नाहीत, असं म्हणालो. अट घातली. आणि ही अट हा आम्हाला त्या सगळ्या वर्षांत झालेला सगळ्यात मोठा उपयोग होता, हे मी आज सांगतो. लोक फक्त जामीन झाला की फेटाळला एवढंच विचारतात.

आता जे लोक म्हणतात की अटकपूर्व जामीन नसणं हा अन्याय आहे, त्यांचा मुद्दा मी पूर्ण उडवून लावत नाही. निकालाआधी तुरुंगात जाणं ही शिक्षाच आहे आणि निर्दोष माणसावर ती आली तर वाईटच. पण गावात पहिल्या पंधरा दिवसांत काय काय फिरवलं जातं ते मी बघितलंय, साक्षीदार कसे घरी बोलावले जातात ते बघितलंय. ते आत होते तेवढेच दिवस आमचे साक्षीदार सरळ बोलले. बाहेर आल्यावर, अट असून सुद्धा, निरोप पोचायला लागले.

चार्जशीट साठ दिवसांत जायला पाहिजे, थोडी उशिरा गेली. चार्जशीटपासून दोन महिन्यांत खटला संपवावा असं कायद्यात आहे. आमच्याकडं मध्ये लॉकडाऊन आला, जज बदलले, सरकारी वकील बदलले, तारखांवर तारखा. मी चाकणहून रात्रीच्या गाडीनं यायचो, सकाळी कोर्टाच्या आवारात तोंड धुवायचो, पुकारा होईपर्यंत बसायचो आणि पुढची तारीख घेऊन परत. साक्षीदाराला भत्ता मिळतो नियमानं, तो मागायला वेगळ्या ऑफिसच्या पायऱ्या. शासनाची मदत टप्प्याटप्प्यानं मिळते, शिवीगाळ अपमानाच्या कलमांना एक लाख, पाव भाग एफआयआरला, अर्धा चार्जशीटला, पाव शिक्षा झाल्यावर. त्यावरून गावात बोललं गेलं की पैशासाठी केस करतात. आमचा येण्याजाण्याचा, रजा बुडाल्याचा खर्च कोणी मोजला नाही, आम्ही पण नाही मोजला.

माझी साक्ष हा माझ्यासाठी सगळ्यात अवघड दिवस. सरकारी वकिलांनी विचारलं, काय शिवी दिली ते नेमक्या शब्दांत सांगा. भरलेलं कोर्ट, समोर जज मॅडम, बाजूला पाचही जण उभे, मागच्या बाकावर वडील. मी तो शब्द बोललो. मॅडमनी स्टेनोकडं बघितलं, त्यानं टाईप केला, वाचून दाखवला, बरोबर आहे का विचारलं, मी हो म्हणालो. मग उलटतपास. त्यांचे वकील प्रत्येक प्रश्नात तो शब्द वापरत होते, "अमुक असं म्हणाले हे तुम्ही पोलिसांच्या सांगण्यावरून लिहिलं, बरोबर?" "अमुक हा शब्द तुम्ही हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांना सांगितला नाही, बरोबर?" कायद्याच्या दृष्टीनं त्यांचं काही चुकत नव्हतं, त्यांचं काम होतं. पण माझ्या वडिलांनी आयुष्यभर जो शब्द ऐकून मान खाली घातली तो एका सकाळी किती वेळा त्या खोलीत फिरला. ते उठून बाहेर गेले, व्हरांड्यात उभे राहिले.

मग मुद्देमाल. खाकी कागदाचं पाकीट, लाखेचं सील, त्यावर पंचांच्या सह्या. शिपायानं ते फोडलं आणि भावाचा शर्ट बाहेर काढला. जयंतीला घेतलेला नवा पांढरा शर्ट होता, रक्त काळं पडून कापड पुठ्ठ्यासारखं कडक झालेलं, कॉलरला अजून दुकानाचा छोटा स्टिकर. भावाला विचारलं हा तुमचाच का. तो हो म्हणाला आणि हात पुढं केला, शिपाई म्हणाला हात लावू नका. एवढी वर्षं तो शर्ट कुठल्यातरी कपाटात नंबर लावून जपून ठेवला होता सरकारनं, हे बघून मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं की कुठंतरी ही गोष्ट नोंदली गेलीय.

आणि मग साक्षीदार फितूर झाले. टपरीवाला म्हणाला मी त्या वेळी माल आणायला गेलो होतो. दुसरा, आरोपीच्या चुलत्याच्या शेतात सालगडी, म्हणाला मला काही ऐकू आलं नाही. आमच्या वस्तीतले दोघं मात्र टिकले. मी त्या सालगड्याला दोष देत नाही, आधी दिला, आता नाही. घर मालकाच्या रानात, उचल मालकाची घेतलेली, तो खरं बोलून त्या संध्याकाळी जाणार कुठं? तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या खर्ड्याला २०१४ मध्ये सतरा वर्षांच्या पोराला मारलं, अख्ख्या महाराष्ट्रानं बघितलं, मंत्री आले, पुढारी आले, आणि २०१७ मध्ये साक्षीदार उलटले म्हणून सगळे सुटले. सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये साक्षीदार संरक्षणाची योजना मंजूर केली, कागदावर चांगली आहे. गावात साक्षीदाराला पोलीस संरक्षणापेक्षा दुसरीकडं काम आणि डोक्यावर छप्पर लागतं.

निकाल २०२३ मध्ये लागला. तीन जण संशयाचा फायदा मिळून सुटले. दोघं दोषी, ३२४ मध्ये, आणि सोबत अ‍ॅट्रॉसिटीचं ३(२)(व्हीए). शिवीगाळीचं कलम, ३(१)(एस), ते नाही टिकलं, सार्वजनिक ठिकाणी लोकांसमोर शिवी दिली हे पटवायला स्वतंत्र साक्षीदार उरले नाहीत म्हणून. ३(२)(व्हीए) का टिकलं ते समजून घेण्यासारखं आहे. पूर्वी कायद्यात साध्या दुखापतीला असं कलमच नव्हतं, आणि मोठ्या गुन्ह्यांतही तो "जातीच्या कारणावरून" केला हे सिद्ध करा असं होतं. मारणाऱ्याच्या मनात काय होतं ते कोण आणून दाखवणार? दुरुस्तीनंतर, समोरचा अनुसूचित जातीचा आहे हे माहीत असताना मारलं एवढं पुरतं, आणि एकाच गावात वाढलेल्यांना ते माहीत असतंच, तसं गृहीत धरायची तरतूद कलम ८ मध्ये आहे. ती दुरुस्ती नसती तर आमची केस साधी मारामारी म्हणून संपली असती.

खैरलांजीत तेच झालं. २९ सप्टेंबर २००६, भंडारा जिल्हा, एका घरातली चार माणसं, आई, मुलगी, दोन मुलगे. २००८ मध्ये भंडाऱ्याच्या कोर्टाने सहा जणांना फाशी, दोघांना जन्मठेप दिली, २०१० मध्ये नागपूर खंडपीठाने फाशीची पंचवीस वर्षांची जन्मठेप केली. शिक्षा मोठी आहे, कोणी लहान म्हणणार नाही. पण अ‍ॅट्रॉसिटीचं कलम लावलं नाही, सूडातून झालेली हत्या असं धरलं. मी तेव्हा शाळेत होतो, आमच्या वस्तीत मोठी माणसं चिडून बोलत होती, फाशी झाली तरी का चिडतात हे मला कळायचं नाही. आता कळतं. सगळ्यात कडक शिक्षा देऊनही कोर्टानं आम्हाला जे झालं त्याचं नाव घेतलं नव्हतं.

शिक्षा सुनावण्याआधी जज आरोपीला विचारतात, शिक्षेबद्दल काय म्हणायचंय. दोघांतला मोठा म्हणाला, म्हातारी आई आहे, दोन लेकरं, पहिलाच गुन्हा. लहान, बावीस-तेविशीतला, काही बोललाच नाही, रडत होता. वकिलांनी चांगल्या वर्तणुकीच्या बाँडवर सोडा म्हणून विनंती केली, पण या कायद्यात अठरा वर्षांवरच्याला ती सवलत नाही, कलम १९. दोन वर्षं सक्तमजुरी आणि दंड. आणि त्याच दुपारी दोघं जामिनावर बाहेर. कारण शिक्षा तीन वर्षांच्या आत असली आणि आरोपी आधीच जामिनावर असला की तेच कोर्ट अपिलासाठी सोडतं. संध्याकाळी आमच्या आधी ते गावात पोचले होते.

विचार करा कसं उलटं आहे हे. निकालाआधी, दोषी ठरले नव्हते तेव्हा आत. दोषी ठरले, बाहेर. माझी मावशी म्हणाली, "एवढी वर्षं घातली आन् मिळालं काय? फाशी व्हायला पाहिजे होती मेल्यांना." बऱ्याच पोरांचं तेच म्हणणं होतं. मला ते पटत नाही, आणि मी इथं स्पष्ट लिहितो. सोनईच्या तिहेरी हत्याकांडात नाशिकच्या कोर्टाने २०१८ मध्ये सहा जणांना फाशी सुनावली, त्यानंतर अत्याचार कमी झाले का? २०२२ मध्ये देशात अनुसूचित जातींवरच्या अत्याचाराचे ५७,५८२ गुन्हे नोंद झाले, आदल्या वर्षापेक्षा जास्त. आणि हे नोंद झालेले, आमच्यासारखे पहाटेपर्यंत बसून राहिलेल्यांचे. जरब शिक्षेच्या आकड्याची नसते. ज्याला माहीत आहे की एनसीवर भागेल, साक्षीदार फिरतील, तात्या जाऊन मिटवून येतील, त्याला कायद्याच्या पुस्तकात फाशी लिहिली काय आणि दोन वर्षं लिहिली काय. फाशी मागून आपण त्या अंमलदाराला, त्या उशिरा गेलेल्या चार्जशीटला, फिरवलेल्या साक्षीदारांना मोकळं सोडतो असं मला वाटतं.

तो रडणारा पोरगा तुरुंगात दोन वर्षं राहून माझ्याबद्दल चांगलं मत करून येईल असंही मला वाटत नाही. मला त्याचं आयुष्य बरबाद व्हायला नको आहे. मला एवढंच हवंय की त्या संध्याकाळी त्यांनी वस्तीकडं तोंड करून जे सांगितलं, ते खोटं आहे असं कोणीतरी अधिकाराच्या जागेवरून, तेवढ्याच मोठ्यानं सांगावं. शिक्षेचा उपयोग माझ्या लेखी हाच. महाडला १९२७ मध्ये पाण्यावरून बाबासाहेबांच्या माणसांना मारलं, त्यातल्या काही हल्लेखोरांना चार महिन्यांची सक्तमजुरी झाली होती. चार महिने म्हणजे आजच्या हिशोबात काहीच नाही. पण मार खाल्लेला माणूस कोर्टात खरा ठरला, हे त्या काळात किती लांबपर्यंत गेलं असेल.

निकालाची नक्कल मिळाली तेव्हा मी ती विहारात नेली. वकिलांनी पान पान समजावून मराठीत सांगितलं, वस्तीतली सगळी बसली होती, म्हातारी माणसं पुढं. फिर्यादीची साक्ष विश्वासार्ह आहे, आरोपींना फिर्यादी कोणत्या जातीचे हे माहीत होतं, दरोड्याची तक्रार ही बचावासाठी केलेली दिसते. वडिलांनी ते "विश्वासार्ह"वालं परत वाचायला लावलं. मग म्हणाले, साहेबाचं नाव काय लिहिलंय खाली, आणि जजचं नाव दोनदा विचारून घेतलं.

आणखी एक परिणाम झाला जो मी धरलाच नव्हता. दोघांतल्या मोठ्याची ग्रामपंचायतीला उभं राहायची तयारी चालली होती, पोस्टर लागायच्या बेतात. सहा महिने किंवा जास्त शिक्षा झालेल्याला अपात्रतेचा नियम आडवा येतो, आणि शिक्षेला स्थगिती मिळाली तरी दोषी ठरणं तसंच राहतं. तो फॉर्म भरू शकला नाही. गावात याची जेवढी चर्चा झाली तेवढी तुरुंगाची झाली नसती. गिरणीवर आमचा डबा परत घ्यायला लागले ते या निवडणुकीच्या आसपास, निकालानंतर नाही. शिक्षा कुठं लागते ते गावाला बरोबर कळतं, आपण मात्र वर्षं मोजत बसतो.

कायद्यात तडीपारीची तरतूद आहे, गावावर सामूहिक दंड बसवायची सुद्धा आहे, कलम १६. मी आमच्या भागात ती कधी वापरलेली ऐकली नाही. निकाल ग्रामसभेत वाचून दाखवावा अशी तरतूद मात्र कुठंच नाही, आणि मी ती मागत राहणार आहे. गुन्हा पारावर होतो आणि उत्तर जिल्ह्याच्या कोर्टात मिळतं, मधलं अंतर कोणी भरायचं?

अपील औरंगाबाद खंडपीठात आहे. आमच्या बाजूनं वकीलपत्र दाखल केलंय, ३(१)(एस) मधून सोडलं त्याविरुद्ध सरकारनं अपील करावं म्हणून अर्ज दिला होता, त्याचं उत्तर आलेलं नाही. मदतीचा शेवटचा हप्ता राहिलाय. भाऊ टेम्पो चालवतो, उन्हात डोकं दुखतं म्हणतो, बाकी ठीक आहे.

मागच्या महिन्यात परभणीकडच्या एका पोराचा फोन आला, त्याच्या चुलत भावाला विहिरीवरून मारलंय. त्याला मी पहिल्या रात्रीचं सांगितलं: एमएलसी आधी, फिर्यादीत शब्द आणि वाक्यं जशीच्या तशी, सही करायच्या आधी वाचून घे, प्रत हातात घेतल्याशिवाय उठू नकोस. बघणारे कोण कोण होते त्यांची नावं त्याच रात्री लिहून काढ आणि त्यातलं कोण कोणाच्या शेतात कामाला आहे तेही लिही. आता नव्या कायद्यांत १६४ च्या जागी १८३ झालंय, ३२४ चं ११८ झालंय, पण अ‍ॅट्रॉसिटीची कलमं तीच आहेत. त्याची चार्जशीट अजून गेलेली नाही, साठ दिवस पुढच्या आठवड्यात भरतात, शुक्रवारी मी त्याच्यासोबत डीवायएसपी ऑफिसला जातोय.